ऑक्सफर्डची गाडी, खानदेशचा रस्ता

नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तोवर नंदुरबारकडचं धानोरा हे गाव धुळे जिल्ह्यात होतं, आणि धुळ्याहून साहेब आले की बहुधा पांढऱ्या अ‍ॅम्बेसेडरमधूनच उतरत. मागच्या सीटवर टॉवेल अंथरलेला, काचांना पडदे. सरकार दिसायचं ते असं.

ही गाडी मुळात इंग्लंडची. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत तयार होणारी ‘मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री’ तिकडे १९५९ मध्येच मागे पडली. इकडे मात्र हिंदुस्तान मोटर्सने पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात तीच गाडी अ‍ॅम्बेसेडर म्हणून काढायला घेतली आणि थेट २०१४ पर्यंत काढत राहिली. मद्रासची ‘स्टँडर्ड हेराल्ड’ही मूळची ब्रिटिशच, १९६१ पासूनची. मडगार्डांसकट पुढे उलटणाऱ्या तिच्या बोनेटचं भारी कौतुक होई. पण खेड्यातल्या रस्त्यावर भरवसा अ‍ॅम्बेसेडरचा.

परवाना-राज्यात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे दारात आलेली गाडी सहसा कुणी विकत नसे. पुढची सीट सलग बाकासारखी, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. त्यामुळे पुढे तिघं आरामात, मांडीवर एखादं पोर. मागे चौघं, आणि डिकीत लग्नाचं सामान. मागचे कमानपाटे एवढं ओझं मुकाट झेलत.

कौतुक इथवर. ज्यांनी ती चालवली, त्यांच्या आठवणी लगेच दुसऱ्या अंगाला वळतात.

उन्हाळ्यात तापीच्या खोऱ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की पेट्रोल इंजिनाच्या इंधनपंपातच उकळे. इंधनाऐवजी वाफ कार्बोरेटरकडे जाई, इंजिन आचके देई आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. मग बोनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं, वर थोडं पाणी शिंपडायचं आणि बाभळीच्या सावलीत वाट पाहायची. गिअरचंही तसंच. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या सळ्यांचे बुश झिजले की दोन गिअर एकमेकांत अडकत. ड्रायव्हर खाली उतरे, हात आत घालून सळी जागेवर ढकले, हात पँटला पुसे आणि पुन्हा बसे. आत बसलेल्यांच्या गप्पाही थांबत नसत.

किंगपिनला वेळेवर ग्रीस दिलं नाही तर स्टीअरिंग जड होई. ब्रेकवर भर देण्यापेक्षा आधीच गिअर उतरवलेला बरा, हे चांदसैली घाटात शिकावंच लागे. पेट्रोलही ती भरपूर पिई.

पण ज्या कारणाने ती बिघडे, त्याच कारणाने ती दुरुस्तही होई. १४८९ सीसीचं इंजिन १९५९ पासून पुढे कित्येक वर्षं जवळपास तेच राहिलं. परिणामी एका मिस्त्रीने शिकलेलं काम त्याच्या पोराच्याही हातात बसलं. शहाद्याचा सुटा भाग नंदुरबारच्या गाडीला चाले. सोपी यंत्रणा, भरपूर जागा आणि चार पाने, एवढ्यावर गॅरेज उभं राही. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी आतलं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. कंपनीनेही १९८०च्या सुमारास डिझेल अ‍ॅम्बेसेडर बाजारात आणलीच. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हाताने सळी ढकलायची गरज नसलेली गाडी काय असते ते लोकांना कळलं.

२०१७ मध्ये अ‍ॅम्बेसेडर हे नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीने ८० कोटी रुपयांना घेतलं. आता उरलेल्या गाड्यांपुढे प्रश्न कागदांचा आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण तिच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणजे गॅरेजात झाकून ठेवलेली अ‍ॅम्बेसेडर मानाने ‘व्हिंटेज’ ठरेल आणि खेड्यापाड्यांत इंजिन बदलून, लग्नाची वऱ्हाडं वाहून जगलेली मात्र त्या यादीत बसणार नाही.