दाताचं माप : कॅमेरा की पुट्टी?

बॉक्स क्रिकेट खेळताना बॉल तोंडावर बसला आणि पुढचा दात तुटला, असं तुमच्या ग्रुपमध्ये कुणाचं तरी झालंच असेल. रूट कॅनॉल होतं, पण कॅप बसवायला वर पुरेसा दातच उरलेला नसतो. मग मुळाच्या पोकळीत एक बारीक खुंटी बसवतात आणि तिच्या आधाराने वरचा भाग उभा करतात. ही खुंटी म्हणजे पोस्ट. तयार पोस्ट मिळतात, पण पोकळी फार रुंद किंवा वेडीवाकडी असेल तर खास तुमच्या मापाची बनवावी लागते. इथेच हल्ली विचारतात, ‘डिजिटल करायचं की साधं?’

साधं म्हणजे पोकळीत पातळ सिलिकॉन सोडायचं, वर पुट्टीचा ट्रे दाबायचा आणि ते घट्ट होईपर्यंत तुम्ही ओकारी आवरत बसायचं. बुडबुडा राहिला की पुन्हा पहिल्यापासून! डिजिटलमध्ये जाडसर पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरतो, स्क्रीनवर दात दिसतो, फाइल लगेच लॅबला जाते. ही कल्पना तशी जुनीच. झुरिकमध्ये १९८५ सालीच तोंडात कॅमेरा घालून दाताचं माप घेतलं होतं.

मग डिजिटलच बरं ना? जरा थांबा. स्कॅनर शेवटी कॅमेराच. त्याला दिसतं तेवढंच तो मोजतो. मुळाची पोकळी म्हणजे खोल, अरुंद विहीर. तळापर्यंत प्रकाश पोचला नाही किंवा आत थुंकी-रक्त असलं की खालचं माप चुकतं. आखूड, रुंद पोकळी त्याला छान सापडते. खोल असेल तर काही डॉक्टर सिलिकॉनने माप घेतात आणि तेच बाहेर काढून स्कॅन करतात. यात मागासलेपणा काही नाही, उलट मला तरी हे शहाणपणाचं वाटतं.

तेव्हा जास्तीचे पैसे मोजण्याआधी विचारा, ‘स्क्रीनवर पोकळीचा तळ दिसतोय का?’ आणि हेही विचारा, की हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण २ मिलिमीटर चांगला दात शिल्लक आहे का. पोस्टमुळे दात मजबूत होत नाही. कॅपची खरी पकड या कड्यावर असते.

माप दिल्यावर पोस्ट येईपर्यंत तात्पुरतं सिमेंट भरतात. ते निघालं तर ‘परवा जाऊ’ म्हणू नका. थुंकीतले जंतू आत शिरतात आणि रूट कॅनॉल पुन्हा करायची वेळ येऊ शकते.