माणिकबाग राजवाडा आणि चित्रफितीतील संगणकीय पुनर्निर्मिती : साधने, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :
इंदूरचा माणिकबाग राजवाडा आजही उभा आहे. परंतु ज्या अंतर्भागामुळे आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात त्याची नोंद झाली, तो अंतर्भाग तेथे राहिलेला नाही. अशी वास्तू संगणकाच्या साहाय्याने चित्रफितीत पुन्हा उभी करता येते काय, आणि उभी केल्यास तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, या दोन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
महाराज यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांचा ऑक्सफर्ड येथील शिक्षणकाळात जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस (१९०४–१९८९) यांच्याशी परिचय झाला. महाराज व कागलच्या घाटगे घराण्यातील महाराणी संयोगिताबाई यांच्यासाठी मुथेसियस यांनी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग साकारला. एलिन ग्रे यांची 'ट्रान्साट' आरामखुर्ची, रुलमान यांचे लेखनमेज, सोन्यो व अलिक्स यांचा धातू-काचेचा पलंग आणि दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे हे त्या काळातील युरोपच्या आधुनिक रचनेचे उत्तम नमुने येथे एकत्र आले. १९७० च्या दशकात ही वास्तू शासकीय कर-विभागाच्या कार्यालयासाठी वापरात आली. १९८० मध्ये मोनॅको येथील लिलावात तेथील सामान विकले गेले व जगभर विखुरले. २०१९–२० मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने त्यांपैकी अनेक वस्तू एका प्रदर्शनात काही काळ एकत्र आणल्या. मात्र त्यांची मूळ दालने तेथे येऊ शकत नव्हती.

पुनर्निर्मितीची पद्धती :
या प्रकारच्या कामाचा पाया पूर्वीच घातला गेला आहे. केंट लार्सन यांनी लुई कान यांच्या प्रत्यक्षात न बांधल्या गेलेल्या वास्तूंची संगणकीय चित्रे २००० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ताकेहिको नागाकुरा यांनी टाट्लिनच्या कधीच न उभारलेल्या मनोऱ्यावर १९९९ मध्ये संगणकीय चित्रपट तयार केला. माणिकबागच्या बाबतीत मूळ इमारत, जुनी कृष्णधवल छायाचित्रे व संग्रहालयांतील वस्तू अशी तिहेरी साधने उपलब्ध आहेत.

पहिल्या टप्प्यात इमारतीचे लेसर-मापन करून भिंती, दारे व खिडक्यांची भूमिती निश्चित करता येते. दुसऱ्या टप्प्यात जुन्या छायाचित्रातील समांतर रेषा ज्या बिंदूंकडे धावतात, ते बिंदू शोधून कॅमेऱ्याचे स्थान व भिंगाचे नाभीय अंतर काढले जाते. त्यावरून फर्निचर कोठे ठेवले होते, हे ठरविता येते. तिसऱ्या टप्प्यात प्रकाशाचे गणित येते. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या समीकरणाच्या आधारे एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा हिशेब संगणक करतो.

येथेच या वास्तूची खरी अडचण समोर येते. पॉलिश केलेला धातू व काच आपल्यासमोरील वस्तूंचे प्रतिबिंब दाखवितात. त्यामुळे छायाचित्रकाराच्या पाठीमागची भिंत कोणत्याही छायाचित्रात नसली, तरी धातूच्या पलंगात ती दिसावीच लागते. म्हणजेच माहिती नसलेला भागही रचावा लागतो. याउलट, जुन्या छायाचित्रातील आरशात किंवा चकचकीत धातूत जे अंधूक दिसते, तेच कधीकधी त्या अदृश्य भागाचा पुरावा ठरते.

मर्यादा :
कृष्णधवल छायाचित्रावरून रंग सांगता येत नाही. एकाच करड्या छटेमागे लाल, हिरवा वा निळा यांपैकी कोणताही रंग असू शकतो. टिकून राहिलेल्या गालिच्याचा रंग प्रत्यक्ष पाहता येतो. परंतु पुन्हा रंगविलेल्या भिंतीचा मूळ रंग जुन्या थरांची तपासणी केल्याविना कळत नाही. चित्रफितीत मात्र पुराव्यावर आधारलेला गालिचा व अनुमानाने रंगविलेली भिंत सारख्याच खात्रीने दिसतात. ग्रंथात लेखक 'बहुधा' असे लिहू शकतो. चित्राला ती सोय नाही. म्हणूनच २००६ च्या 'लंडन सनदे'ने प्रत्येक निर्णयामागील पुरावा व तर्क यांची नोंद प्रसिद्ध करावी, असा आग्रह धरला. ही नोंद नसल्यास पुढील पिढीतील विद्यार्थी अनुमानालाच इतिहास समजेल, हा धोका वास्तव आहे.

निष्कर्ष :
संगणकीय पुनर्निर्मिती हे मूळ वास्तूचे स्थान घेणारे साधन नसून उपलब्ध पुराव्याची मांडणी करणारे साधन होय. शिरूर परिसरातील जुने वाडे वा दौंड जंक्शनची रेल्वे वसाहत यांच्याबाबत हीच दृष्टी उपयोगी ठरावी. वास्तू उभी असतानाच इतिहास, भूगोल व संगणकशास्त्र विभागांनी मिळून तिची मापे, रंगीत छायाचित्रे व रहिवाशांच्या आठवणी तारीखवार नोंदवून ठेवल्यास, उद्याच्या पुनर्निर्मात्याला अनुमानाची गरज कमी पडेल. माणिकबागची दालने रिकामी होण्यापूर्वी अशी परिपूर्ण नोंद झाली असती, तर आज भिंतींच्या रंगासाठी तर्क लढविण्याची वेळ आली नसती.