उन्हात आणि पुरात घोडा: ऐकीव काय, खरं काय

घोडा पाळणाऱ्यांत काही उपाय इतके मुरलेत की ते कुणी तपासून पाहत नाही. उन्हात पाठीवर ओलं पोतं, थंडीत तबेल्याची दारं-खिडक्या बंद, पुराची चाहूल लागली की अगाडी-पिछाडी आणखी आवळायची. सगळं मायेपोटी, आणि बरंचसं उलटं पडणारं. माथेरानचा घोडेवाला, वरातीला घोडा देणारा, सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेनं पहिली घोडी आणणारा शेतकरी, तिघांनाही हे लागू आहे.

उन्हाबद्दलचे गैरसमज सगळ्यात जास्त. ‘तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की अंग आखडतं’ हे पूर्वी अनुभवी मंडळीही छातीठोकपणे सांगत. १९९६ साली अटलांटाच्या दमट उकाड्यात ऑलिंपिक होणार होतं, म्हणून त्याआधी यावर नीट संशोधन झालं. गार, अगदी बर्फ घातलेलं पाणी ओतूनही स्नायूंना अपाय झाला नाही, आणि घोडे लवकर निवले. तेव्हा मान, छाती, पाठ, मांड्या, सगळीकडे पाणी ओतत राहा. अंगावर तापलेलं पाणी नव्या पाण्याबरोबर वाहून जाऊ द्या. पोतं मात्र काढा. थोड्याच वेळात ते अंगाइतकं तापतं आणि घाम वाळू देत नाही. दमून आलेल्या घोड्याला गार पाणी पाजलं की पोटशूळ उठतो, यालाही आधार नाही. पिऊ द्या त्याला.

‘तहान लागली की तो पिईलच’ हा समज मला त्याहून धोक्याचा वाटतो. माणसाचा घाम रक्ताहून कमी खारट असतो. घाम गेला की आपल्या रक्तातली खारटी वाढते आणि तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकं किंवा त्याहून जास्त. पाण्याबरोबर मीठही निघून जातं, खारटी वाढत नाही, आणि तहानेचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. कडक उन्हात राबणारा मोठा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो, आणि तरीही बादलीकडे पाठ फिरवतो. ५०० किलोच्या घोड्याला एरवीही रोज साधारण ३० ग्रॅम मीठ लागतं. उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी त्याहून जास्त. ते चंदीत मिसळा आणि शेजारी साधं पाणी भरपूर ठेवा.

‘आपला देशी घोडा, त्याला उन्हाचं काय?’ भीमथडी, काठियावाडी, मारवाडी काटक खरेच. पण दमट हवेत घामच यायचा बंद होण्याचा विकार इथे जन्मलेल्या घोड्यांनाही होतो. शिवाय दमट हवेत आलेला घामही वाळत नाही. म्हणून मुंबईचे ३४ अंश विदर्भातल्या कोरड्या ४० पेक्षा जड जाऊ शकतात. घोडा कुत्र्यासारखा तोंडानं धापा टाकत नाही, तो फक्त नाकानं श्वास घेतो. नाकपुड्या फुललेल्या आणि अंग कोरडं दिसलं तर गुदद्वारात थर्मामीटर लावून बघा. विसाव्यात असताना ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. ४० च्या वर असेल तर पाणी ओतता ओतता डॉक्टरांना फोन करा.

थंडीची एवढी चिंता नको. अंग कोरडं आणि वाऱ्याला आडोसा असला की आपल्याकडची थंडी धडधाकट घोड्याला सहज पेलते. ऊब येते ती वैरणीतून: मोठ्या आतड्यात चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते. जादा चंदीनं उलट पोट बिघडायचं. कोंदट तबेल्यात मुताचा अमोनिया आणि धूळ घोड्याच्या छातीत जाते, ती थंडीपेक्षा वाईट.

पुराबद्दल ऐकू येतं, ‘घोडा पट्टीचा पोहणारा, त्याची काळजी कशाला?’ पोहतो, पण ओढीच्या पाण्यात दमतो आणि गढुळात बुडालेल्या तारा, पत्रे त्याला दिसत नाहीत. बांधलेला असेल तर पोहण्याचा प्रश्नच मिटला. सोडला की आपोआप उंचावर जाईल, हेही गृहीत धरू नका; घाबरलेला घोडा ओळखीच्या तबेल्याकडे परत वळू शकतो, आगीतसुद्धा. खरा उपाय एकच, पाणी चढायच्या आधी, उजेडात, हाताला धरून उंचावर नेणं. त्यासाठी घोड्याला गाडीत चढायची सवय आधीपासून हवी. तेही जमलं नाही तर तारा नसलेल्या मोकळ्या जागेत, लोंबता दोर काढून सोडा. अंगावर ओळख हवी. २००५ च्या कतरिना वादळानंतर लुइझियानात पुष्कळ घोडे मालकांना परत मिळाले, कारण तिथे प्रत्येक घोड्यावर कायमची ओळखखूण सक्तीची होती. आपल्याकडे मायक्रोचिप नसेल तर खुरावर रंगानं फोन नंबर लिहा, चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

पाणी ओसरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, म्हणून लहानशी जखमसुद्धा डॉक्टरांना दाखवा. भिजलेला मका वाळवून घालायचा मोह आवरा. काही बुरशींचं विष वाळवून जात नाही आणि ते थेट घोड्याच्या मेंदूवर घाव घालतं. गाईनं तेच खाऊन पचवलं, हा पुरावा नव्हे. घोड्याला रवंथ नाही आणि ओकताही येत नाही.

शेवटचा गैरसमज सरकारी आहे: भरपाई फक्त गाईम्हशींची मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदत निकषांत ओढकामाच्या जनावरांत घोडाही आहे, ३२,००० रुपये. तट्टू आणि खेचराला २०,०००. त्यामुळे घोडा दगावला तर पुरण्याआधी फोटो काढा आणि पंचनामा करून घ्या.