जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : नवशिक्यासाठी चार शब्द

आमचे खंडाळे हे पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अगदी पायथ्याशी वसलेले असल्यामुळे मोटारींची ओळख येथील मुलांस लहानपणापासूनच असते. परंतु धावती मोटार पाहणे निराळे आणि मोटारीचे अंतरंग जाणणे निराळे. पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळची एखादी गाडी शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली असते. ती भंगारवाल्यास द्यावी की पुन्हा रस्त्यावर आणावी, हा प्रश्न केव्हा तरी उभा राहतोच. अशा वेळी नवशिक्याने कोणत्या क्रमाने हात घालावा, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल आपल्याकडील सर्वांच्या परिचयाची फियाट घेऊ. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथे उभारला. पुढे तेथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. फुगीर अंगाच्या ज्या गाडीस लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, ती यांपैकीच होय. तिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट दिशेस उघडत. १९६४ साली ‘अकराशे डिलाइट’ आली आणि तिलाच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत हीच गाडी कित्येक वर्षे नांदली. तेथे टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा असल्याने २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. चार सिलिंडरांच्या, १,०८९ घनसेंटिमीटरच्या या साध्या इंजिनात प्रत्येक भागाचे काम डोळ्यांस दिसते. म्हणून शिकणाऱ्यास ही गाडी उत्तम गुरू होय.

आता कामाचा क्रम. पहिले काम पान्याचे नसून कागदाचे आहे. आरसी बुकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावे. ते जुळत नसतील तर पुढील सारा खर्च व्यर्थ जाण्याचा संभव असतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली खाजगी गाडी त्यांखाली नोंदता येते. मात्र अशी गाडी रोजच्या किंवा भाड्याच्या वापरास चालत नाही.

दुसरे काम टिपणाचे. एकही नट सैल करण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत. काढलेले बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. उकलणे एका दिवसाचे असते, जोडणे कित्येक महिन्यांचे. तितके दिवस स्मरणशक्ती साथ देत नाही.

तिसरे काम गंजाची परीक्षा. लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही एकत्र आली की गंज चढतो. तो मूळ पत्र्यापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि वरचा रंग फुगवून उचलतो. त्यावर नुसता रंग दिला, तर आत अडकलेल्या ओलाव्याने पत्रा खातच राहतो. फियाटीत बस किंवा ट्रकप्रमाणे वेगळी लोखंडी चौकट नसते. पत्र्याचे अंगच सारा भार वाहते. म्हणून तळाचा व दरवाजाखालचा पत्रा टोच्याने तपासावा. जेथे लोहचुंबक चिकटत नाही, तेथे कोणीतरी लांबी भरून भोक झाकले आहे असे समजावे. कुजलेला भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने जोडणे, हाच खरा उपाय.

चौथे काम इंजिनाचे. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी किल्ली फिरवून किंवा ढकलून एकदम चालू करू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीस गंजाने धरलेल्या असतात. जोर केल्यास त्या मोडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. जुन्या पेट्रोलचा चिकट साका टाकीत व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो, तोही धुऊन काढावा. रेडिएटरमध्ये क्षारांचा थर साचला असल्यास उष्णता बाहेर पडत नाही व खंबाटकीसारख्या चढणीवर पाणी उकळू लागते. त्या वेळी गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. दाब सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

पाचवे काम ब्रेकचे, आणि सर्वांत महत्त्वाचे हेच. नवशिक्याचा ओढा रंगाकडे व चकाकीकडे असतो, कारण ती लोकांच्या दृष्टीस पडते. ब्रेक कोणास दिसत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. लांब उतारावर ड्रम तापले की त्या ओल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल तळास जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. रबरी वाट्या, नळ्या व तेल ही सर्व नवी घातल्याशिवाय, आणि जाणत्या मिस्त्रीने तपासल्याशिवाय, गाडी आवाराबाहेर काढू नये. घाटातील उतारावर आपल्यापुढे दुसऱ्याचे लेकरू असते, हे विसरून चालणार नाही.

याचसाठी आणखी दोन नियम पाळावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम टेकू द्यावेत. पेट्रोलचे काम चालू असता बॅटरीची तार काढून ठेवावी व जवळपास विस्तव नसावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. या कामात पैसा जातो, वेळ त्याहून अधिक जातो, आणि विकून तो खर्च निघेलच अशी खात्री नसते. म्हणून हिशेब आधी मांडावा. पत्रा पार कुजला असेल, तर तीच गाडी सुट्या भागांसाठी उपयोगी आणणे हाही शहाणपणाच होय. परंतु मुलाच्या हातास वंगण लागले म्हणून अभ्यास बुडाला, असे मानू नये. ज्यांनी कार्ब्युरेटर व प्लग यांत आयुष्य घालविले, ते मिस्त्री आता वृद्ध होत चालले आहेत. कानाने इंजिनाचा दोष ओळखण्याची त्यांची विद्या कोणत्याही पुस्तकात पुरती उतरलेली नाही. ते आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून, त्यांस पाना देत देत जे शिकता येईल, ते आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य शिकून घ्यावे. गाड्या पुढेही मिळतील. हे गुरू मिळणार नाहीत.