खोलीचं भाडं नेमकं किती? अमेरिकेतल्या शहरांचे हॉटेल-कराचे खटले

तुमच्यापैकी ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांनी तिकडे फिरताना एखाद्या वेबसाइटवरून हॉटेलची खोली घेतली असेल. खोलीचा दर एका ओळीत असतो. त्याच्या खाली दुसरी ओळ असे, 'कर आणि शुल्क', आणि पुढे एकच आकडा. त्यात कर किती आणि कंपनीचं शुल्क किती, ते कळायला मार्ग नसे. आपण ती ओळ वाचतही नाही, पैसे भरून मोकळे होतो. पण याच ओळीवरून अमेरिकेतली शेकडो शहरं आणि काउंटी पंधरा-सोळा वर्षं कोर्टात लढत होती.

आधी कर काय आहे ते बघू. हॉटेलात मुक्काम करणाऱ्याकडून तिथलं शहर किंवा काउंटी भाड्यावर काही टक्के कर घेते. पाहुणा तो हॉटेलवाल्याला देतो आणि हॉटेलवाला शहराच्या तिजोरीत भरतो. नगरसेवकांना हा कर फार आवडतो, आणि त्याचं कारण उघड आहे. भरणारा माणूस बाहेरगावचा असतो, त्याचं मत त्या गावात नसतं! या पैशातून संमेलनगृहं बांधली जातात, पर्यटनाची जाहिरात होते, काही ठिकाणी तो सरळ शहराच्या सर्वसाधारण खर्चाला जातो. आता लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की यातले बरेचसे करनियम इंटरनेटच्या आधी लिहिलेले. तेव्हा खोली विकणारा आणि खोली चालवणारा एकच होता. दोघं वेगळे असतील असं लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

मग एक्सपीडिया, हॉटेल्स डॉट कॉम, ऑर्बिट्झ, प्राइसलाइन, ट्रॅव्हलॉसिटी अशा कंपन्या आल्या. त्यांची पद्धत समजायला एक हिशोब करू. आकडे माझे, नुसते उदाहरणाचे. हॉटेल कंपनीला खोली ७० डॉलरला देतं. कंपनी ती तुम्हाला १०० डॉलरला विकते. गावातला कर १० टक्के. तुम्ही १०० भरता आणि वर 'कर आणि शुल्क' म्हणून समजा १२. कंपनी हॉटेलला ७० देते आणि ७० वरचा कर, म्हणजे ७ डॉलर देते. हॉटेल ते ७ शहराला भरतं. शहर म्हणतं, अहो, पाहुण्याने खोलीसाठी १०० मोजले, मग आमचे १० झाले. तीन कुठे गेले?

एका खोलीचे तीन डॉलर. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोर्ट? पण मोठ्या शहरात वर्षभर विकल्या जाणाऱ्या खोल्या मोजा.

कंपन्यांचं म्हणणंही सरळ होतं, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. त्या म्हणाल्या, आमच्या मालकीची एकही खोली नाही. चादरी आम्ही बदलत नाही, किल्ली आम्ही देत नाही. वरचे ३० डॉलर म्हणजे शोधून देण्याचा, बुकिंग करण्याचा आमचा मोबदला. तुमचा कर मुक्कामावर आहे, आमच्या सेवेवर नाही.

लॉस एंजेलिसने २००४ मध्ये दावा लावला आणि पाठोपाठ देशभर रांग लागली. निकाल मात्र एकसारखे आले नाहीत, कारण प्रत्येक गावाचे शब्द वेगळे. कॅलिफोर्नियात कर होता 'चालवणारा आकारतो त्या भाड्यावर'. डिसेंबर २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वेबसाइट काही हॉटेल चालवणारी नव्हे, तेव्हा तिच्याकडे हा कर मागता येणार नाही. फ्लोरिडातही २०१५ मध्ये काउंटी हरल्या. उलट साउथ कॅरोलायनात २०११ मध्ये आणि वायोमिंगमध्ये २०१४ मध्ये राज्य सरकारं जिंकली. हवाईत तर गंमतच झाली. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच व्यवहारावर एक कर लागू धरला आणि दुसरा, खास मुक्कामावरचा, लागू नाही असं ठरवलं. व्यवहार एक, कायद्यातले शब्द दोन.

जिंकूनही सुटका नाही, याचं उदाहरण म्हणजे जॉर्जिया राज्यातलं कोलंबस. फोर्ट बेनिंग या लष्करी तळाच्या शेजारचं गाव. प्रशिक्षण संपवणाऱ्या मुलांचा समारंभ बघायला आईवडील लांबून येतात, तेव्हा हॉटेलांना तिथे चांगलं गिऱ्हाईक. २००८ मध्ये न्यायालयाने एक्सपीडियाला हुकूम दिला, ग्राहकाने भरलेल्या पूर्ण दरावर कर गोळा करा. यावर कंपन्यांनी काय करावं? कोलंबसची हॉटेलं यादीतूनच काढून टाकली! २००९ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही गावाच्या बाजूने कौल दिला. कायदा गावाच्या बाजूने, आणि शोधणाऱ्याला मात्र त्या गावात हॉटेलच दिसेना. भांडण शहराचं आणि कंपनीचं, फटका बसला हॉटेलवाल्याला. त्याचा यात काही दोष नव्हता. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात ही गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी आहे, कारण दावा लावायचा की नाही याचा विचार करणाऱ्या इतर गावांना ती दिसतच होती.

आता सॅन अँटोनियो, टेक्सास. इथे थोडं थांबू, कारण ही कहाणी शेवटपर्यंत गेली. २००६ मध्ये या शहराने दावा केला आणि टेक्सासमधली एकूण १७३ शहरं त्यात सामील झाली. त्यांच्या नियमांत शब्द होता हॉटेलवर 'नियंत्रण' असणारा. २००९ मध्ये ज्युरीने मानलं की कंपन्यांचं असं नियंत्रण आहे आणि सुमारे २ कोटी डॉलर ठरवले. व्याज, दंड आणि पुढची वर्षं धरून २०१६ पर्यंत ती रक्कम ८.४ कोटींच्या घरात गेली. कंपन्या अपिलात गेल्या. अपील चालू असताना वसुली थांबवायची तर हमीचा बाँड द्यावा लागतो आणि त्याचा हप्ता भरावा लागतो. तो त्यांनी भरला. दरम्यान ह्यूस्टनच्या तशाच खटल्यात टेक्सासच्याच न्यायालयाने आधी शहराविरुद्ध निकाल दिलेला होता. २०१७ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तोच धरला आणि सांगितलं, 'मुक्कामाची किंमत' यात कंपनीचं शुल्क येत नाही. झालं, ८.४ कोटींचं शून्य.

पुढे कंपन्यांनी खर्च मागितला, २२ लाख डॉलरहून जास्त, त्यात बहुतेक तो बाँडचा हप्ता. शहर म्हणालं, खालच्या न्यायालयाला यात कपात करायचा अधिकार असावा. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, नाही, वाटणी करायची तर ती अपील न्यायालयानेच करायची. कर वसूल करायला निघालेल्या शहराच्या अंगावर पंधरा वर्षांनी प्रतिपक्षाचं बिल पडलं.

न्यूयॉर्क शहराने वेगळी वाट धरली. जुन्या शब्दांचा कीस पाडण्यापेक्षा २००९ मध्ये त्यांनी नियमच बदलला आणि खोली विकून देणाऱ्याचं शुल्कही करात आणलं. कंपन्यांनी आव्हान दिलं, पण २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो नियम टिकवला. म्हणजे दुरुस्ती करता येत होती. अडचण अशी, की नियम बदलला की समोरचा लगेच विचारतो, म्हणजे आधीच्या नियमात आम्ही बसत नव्हतो तर? मागची थकबाकी मागणाऱ्या शहरांना त्यामुळे घाई करवेना.

(श्रोत्यांतून प्रश्न: आपल्याकडे असं होऊ शकतं का?)

चांगला प्रश्न. महाराष्ट्रात पूर्वी हॉटेलांवर ऐषआराम कर होता, १९८७ च्या कायद्याने. १ जुलै २०१७ पासून तो जीएसटीत विरला. आता हॉटेलच्या भाड्यावर जीएसटी आहे आणि मधल्या कंपनीच्या कमिशनवरही वेगळा आहे. तेव्हा मधले ३० डॉलर, आपले रुपये म्हणा, करातून निसटत नाहीत. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) खाली, हॉटेलवाला नोंदणीच्या मर्यादेखालचा असेल तर खोली विकणाऱ्या ऑनलाइन कंपनीनेच कर भरायचा, असं स्पष्ट लिहिलं आहे. कंपनी 'हॉटेल चालवते' का, हा वाद तिथे उभाच राहत नाही. फरक एकच, तो पैसा आपल्या नगरपालिकेकडे थेट येत नाही. सॅन अँटोनियोचा निदान येतो, ७० वरचा का असेना.