एसआर–७१ विमानाचा प्रतिकृती संच
‘ब्लॅकबर्ड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी लष्करी टेहळणी जेट विमानाची प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती जुळविण्यासाठी तयार केलेला सुट्या भागांचा संच. याचे भाग सामान्यतः पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकाचे असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून ते घडवितात. चौकटीला जोडलेले हे भाग कापून व घासून द्रावकाने एकमेकांस चिकटवितात आणि नंतर रंगवितात.

१ : ७२ हे प्रमाण अशा संचांत विशेष रूढ आहे. ते वरवर विचित्र वाटते. परंतु ब्रिटिश मापनपद्धतीत त्याचा अर्थ सरळ आहे : प्रतिकृतीतील १ इंच म्हणजे प्रत्यक्षातील ६ फूट. मूळ विमान सु. ३२.७ मी. लांब असल्याने त्याची प्रतिकृती सु. ४५ सेंमी. भरते.

गुप्त विमानाची प्रतिकृती करताना अधिकृत आराखडे हाती नसतात, ही खरी अडचण होय. १९८६ मध्ये टेस्टर्स कंपनीने ‘एफ–१९’ या कल्पित विमानाचा गोलाकार कडांचा संच विकला. १९८८ मध्ये प्रकट झालेले एफ–११७ हे विमान मात्र सपाट पैलूंचे निघाले. एसआर–७१ हे १९६४ मध्येच जाहीर झाल्याने त्याबाबत इतकी फसगत झाली नाही. तथापि एकआसनी ए–१२ व आखूड कडांच्या नाकाचे वायएफ–१२ ही त्याची भावंडे दिसण्यात इतकी जवळची आहेत, की छायाचित्र पाहताना गल्लत सहज होते.

एंजिनांच्या तोंडाशी असलेले शंकू हे जाणकाराचे पहिले परीक्षास्थान. ध्वनिवेगाच्या सु. १.६ पटींपुढे ते मागे सरकू लागतात व कमाल वेगाला सु. ६६ सेंमी. आत जातात, प्रतिकृतीत हे अंतर जेमतेम ९ मिमी. होते. म्हणून चाके जमिनीवर टेकलेली दाखवावयाची असल्यास शंकू पुढेच ठेवावे लागतात. उष्णतेने प्रसरण पावणाऱ्या पंखांच्या पत्र्यावरील पन्हळी या प्रमाणात जवळजवळ दिसू नयेत. त्या ठळक कोरल्या, तर प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. शुद्ध काळा रंगही लहान आकारावर फार गडद भासतो, त्यामुळे त्यात थोडी करडी छटा मिसळणे इष्ट. थंड अवस्थेत मूळ विमानाच्या टाक्यांच्या सांध्यांतून इंधन पाझरत असे; कित्येक हौशी कलाकार त्याचे पुसट ओघळ पृष्ठभागावर आवर्जून दाखवितात.