विश्लेषण : नॉर्डिक देशांत शिक्षण खरेच मोफत आहे का? प्रवेशाचे आणि खर्चाचे गणित कसे मांडावे?

स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या पाच नॉर्डिक देशांत उच्च शिक्षण मोफत मिळते, असा समज भारतीय पालकांत अजूनही घट्ट आहे. अमेरिका-ब्रिटनचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबे आता उत्तर युरोपकडे पाहू लागली आहेत. मात्र गेल्या दोन दशकांत तेथील नियम बरेच बदलले. जुन्या माहितीवर बेत आखल्यास प्रवेश मिळूनही पैशांअभावी जागा सोडण्याची वेळ येऊ शकते.

मोफत शिक्षणाचे काय झाले?

युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्यास डेन्मार्कने २००६ मध्ये सुरुवात केली. स्वीडनने २०११ मध्ये आणि फिनलंडने २०१७ मध्ये तोच मार्ग धरला. नॉर्वे सर्वांत उशिरापर्यंत टिकून राहिला, पण २०२३ च्या शैक्षणिक वर्षापासून तेथील सरकारी विद्यापीठांतही शुल्क लागू झाले. आइसलँडच्या सरकारी विद्यापीठांत आजवर केवळ नोंदणी शुल्क आकारले जात आले आहे, मात्र तेथे इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम मोजके आहेत. थोडक्यात, भारतीय विद्यार्थ्याला पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी आता शुल्क धरूनच चालावे लागते. स्थानिक आणि युरोपीय विद्यार्थ्यांना ते मोफत असल्याने इंटरनेटवर ‘मोफत’ हा शब्द अजूनही दिसतो आणि गल्लत होते.

पीएच.डी.चा अपवाद कसा?

स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी हा बहुतांशी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. त्याला शुल्क नसते. उलट दरमहा वेतन, रजा आणि सामाजिक सुरक्षेचे लाभ मिळतात. स्वीडनमध्ये हा कालावधी चार वर्षांचा, तर डेन्मार्कमध्ये तीन वर्षांचा असतो. या जागा नोकरीच्या जाहिरातीसारख्या वर्षभर निघत असतात आणि त्यांना स्पर्धाही तशीच असते. संशोधनाची खरी ओढ असलेल्या विद्यार्थ्याने भारतात चांगली पदव्युत्तर पदवी घेऊन थेट या जागांसाठी अर्ज करणे हा कर्जाशिवायचा मार्ग ठरू शकतो.

स्वीडनमध्ये प्रवेशाची प्रक्रिया कशी असते?

उप्साला (स्थापना १४७७) आणि लुंड (१६६६) ही जुनी विद्यापीठे, स्टॉकहोमची केटीएच, गोथेनबर्गची चाल्मर्स या सर्वांसाठी एकच राष्ट्रीय प्रवेश संकेतस्थळ आहे. ऑगस्टअखेर सुरू होणाऱ्या सत्रासाठी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची अर्जप्रक्रिया आदल्या ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते आणि जानेवारीच्या मध्यावर संपते. ९०० क्रोना अर्जशुल्कात पदव्युत्तरचे चार अभ्यासक्रम पसंतीक्रमाने निवडता येतात. हा क्रम महत्त्वाचा असतो, कारण वरच्या पसंतीला प्रवेश मिळाला की खालच्या पसंती आपोआप रद्द होतात. कागदपत्रे आणि शुल्काची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते. निकाल मार्चअखेर वा एप्रिलच्या सुरुवातीला लागतो. हा अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो. त्यासाठी एजंटला मोठी रक्कम मोजण्याची गरज नाही.

अर्ज कुठे अडतात?

आपल्याकडे एकूण टक्केवारी पाहिली जाते. स्वीडनमध्ये आधी पात्रता तपासली जाते आणि गुणवत्ताक्रम नंतर लावला जातो. तीन वर्षांची पदवी तेथे साधारणपणे ग्राह्य धरली जाते, पण विशिष्ट विषयांची अट काटेकोर असते. डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाला गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचे ठरावीक क्रेडिट मागितले असतील, तर ८५ टक्के मिळवलेला बी.कॉम.चा विद्यार्थीही अपात्र ठरू शकतो. त्यामुळे गुणपत्रिकेबरोबर विषयांचा अभ्यासक्रमही जवळ ठेवावा. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सहसा एकूण ६.५ आणि कोणत्याही विभागात ५.५ पेक्षा कमी नाही, अशी अट असते. अंतिम वर्षात शिकणाऱ्यांना अटींवर प्रवेश मिळू शकतो, मात्र त्याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असल्याने आधीच विचारून घ्यावे.

एकूण खर्च किती धरावा?

स्वीडनमध्ये अनेक अभ्यासक्रमांचे शुल्क वर्षाला ८० हजार ते १ लाख ४० हजार क्रोनाच्या दरम्यान असते. वास्तुकला, डिझाइन आणि प्रयोगशाळेवर आधारित अभ्यासक्रम त्याहून महाग असू शकतात. उदाहरणच घ्यायचे तर वर्षाला १ लाख ४० हजार क्रोना शुल्क, म्हणजे दोन वर्षांचे २ लाख ८० हजार. राहण्या-जेवण्यासाठी दरमहा ११ हजार धरले तर २२ महिन्यांचे २ लाख ४२ हजार. एकूण ५ लाख २२ हजार क्रोना. एका क्रोनाला ९ रुपये धरले तर ही रक्कम सुमारे ४७ लाख रुपये होते. विमान तिकीट, हिवाळी कपडे आणि सुरुवातीची अनामत वेगळी. दोन वर्षांत रुपया घसरला, तर न भरलेल्या हप्त्यांचा बोजा तितकाच वाढतो.

पैसे कधी आणि कसे दाखवावे लागतात?

शुल्काचा पहिला हप्ता भरल्यानंतरच स्वीडनच्या निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्या वेळी निर्वाहासाठी दरमहा १० हजार क्रोनाहून अधिक रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात दाखवावी लागते. वडिलांच्या नावावरची ठेव किंवा ‘तेथे गेल्यावर अर्धवेळ काम करू’ हे उत्तर चालत नाही. फिनलंडने ही अट जानेवारी २०२५ पासून दरमहा ५६० युरोवरून ८०० युरो केली. म्हणजे एप्रिलमध्ये निकाल लागल्यावर काही आठवड्यांत मोठी रक्कम उभी करायची असते. त्यामुळे शैक्षणिक कर्जाची चौकशी आणि तारणाची कागदपत्रे ही कामे आदल्या हिवाळ्यातच सुरू करावीत. परवाना नाकारला गेल्यास शुल्क परत मिळते का, तेही पैसे पाठवण्यापूर्वी वाचावे.

शिष्यवृत्तीचा आधार किती?

विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या बहुधा शुल्कात पूर्ण किंवा अंशतः सवलत देतात, निर्वाहखर्च देत नाहीत. युरोपीय संघाची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मात्र शुल्कासह दरमहा १,४०० युरो देते आणि तिच्या अनेक अभ्यासक्रमांत नॉर्डिक विद्यापीठे सहभागी असतात. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असल्याने पसंतीक्रम ठरवतानाच ती तपासावी. शिष्यवृत्तीचा निकाल आणि शुल्काची अंतिम मुदत यांच्या तारखा जुळतीलच असे नाही, हे गृहीत धरून चालावे.

शिक्षणानंतर नोकरीचे काय?

स्वीडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केल्यावर नोकरी शोधण्यासाठी एक वर्षापर्यंतचा, तर फिनलंडमध्ये दोन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. मात्र वाट पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही. स्वीडनमध्ये कामाच्या परवान्यासाठी लागणारे किमान मासिक वेतन १३ हजार क्रोना होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते दुपटीहून अधिक झाले. दुसरा अडसर भाषेचा. वर्गात आणि दुकानात इंग्रजीने भागते, पण मुलाखतीत स्वीडिश किंवा फिनिश येते का, हे विचारले जाते. सॉफ्टवेअर वा मोठ्या अभियांत्रिकी कंपन्यांत इंग्रजीवर निभावता येते. व्यवस्थापन, विपणन, समाजकार्य, आरोग्यसेवा या क्षेत्रांत ते कठीण जाते. म्हणून भाषेचा अभ्यास दुसऱ्या वर्षावर न ढकलता भारतातूनच सुरू करणे हिताचे.

मग जावे की नाही?

या विद्यापीठांची बलस्थाने खरी आहेत. प्राध्यापकांना नावाने हाक मारणारे मोकळे वर्ग, गटात करायचे प्रकल्प, परीक्षा पुन्हा देण्याची सोय आणि उद्योगांत करता येणारा प्रबंध यांचा लाभ मेहनती विद्यार्थ्याला होतोच. त्याच वेळी स्टॉकहोममध्ये डिसेंबरात जेमतेम सहा तासांचा उजेड आणि विद्यार्थी वसतिगृहांची लांबलचक प्रतीक्षायादी यांचीही तयारी हवी. निर्णयापूर्वी घरात एकच प्रश्न मोकळेपणाने बोलावा : शिक्षण संपल्यावर तिथे नोकरी मिळाली नाही आणि भारतात परतावे लागले, तर इथल्या पगारातून कर्जाचा हप्ता फिटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ऑक्टोबरात अर्ज भरावा. ‘नाही’ असेल, तर कर्ज काढण्याआधी शिष्यवृत्तीची किंवा पगारी पीएच.डी.ची वाट धरलेली बरी.